काळी जिथे संपते

ईरा आणि कबीर,

रविवारी ऑफिसची कपाटं रिकामी करताना मला जालन्याच्या संग्रहालयाचा प्लॅन सापडला. त्याचा फोटो तुम्हाला पाठवला, तर ईराने विचारलं, "आजी, इमारत अशी वाकडी का? पट्टी नव्हती का?" फोनवर सांगायला घेतलं आणि तुमची शाळेची वेळ झाली. म्हणून हे लिहून ठेवते आहे. माझं मूळ ड्रॉइंग अगदी सरळ होतं. ते चुकलं होतं, आणि चूक माझी होती.

बदनापूरच्या पुढे एक लहान टेकडी आहे. वर मुरूम, म्हणजे तांबूस, कडक, खडबडीत जमीन. खाली काळी, म्हणजे कापूस-तुरीची माती. सगळी जमीन कौसामावशींची. त्यांच्या यजमानांनी आयुष्यभर शेतीची जुनी अवजारं जमवली होती: वखर, लोखंडी मोट, तीन फणांची पेरणीची तिफण. ट्रॅक्टर आल्यावर लोकांनी अशी अवजारं भंगारात दिली आणि एमआयडीसीत त्यांच्या सळया झाल्या. मावशींनी मात्र गोठाभर अवजारं जपली. संग्रहालय होणार म्हटल्यावर अवजारांबरोबर टेकडीही द्यायचं कबूल केलं. पायथा टेकडीतच आला, असं आम्ही धरून चाललो.

आमचे क्लायंट होते संग्रहालय उभारणाऱ्या ट्रस्टचे अध्यक्ष. जालन्यात त्यांचा बियाण्यांचा व्यापार. सगळे त्यांना शेठ म्हणत. त्यांना इमारत टेकडीच्या माथ्यावर हवी होती.

"मॅडम, हायवेवरून दिसली पायजे."

मी ठाम होते. टेकडीला टोपी घालायची नाही. इमारत पायथ्याशी, बुटकी, दगडाची. शेठ कसेबसे राजी झाले. मी स्वतःवर खूश होते.

लाईन आउटच्या दिवशी आम्ही जमिनीवर चुन्याने पाया आखत होतो. मावशी काठी टेकत आल्या आणि चुन्याच्या रेघेवरच बसल्या.

"बाई, काळीवर घर बांधून राह्यलात का?"

"मावशी, खाली मुरूम आहे. आम्ही खड्डे खणून बघितलंय."

"कुठं खणले?"

मी वरच्या बाजूला बोट दाखवलं. पायथ्याशी तेव्हा त्यांचीच तूर उभी होती. पिकात जेसीबी कसा घालायचा म्हणून खालचे खड्डे मी सोडले आणि वरच्यांवरून अंदाज बांधला.

मावशी हसल्या. "भाकर काठाला भाजली म्हनून मधी भाजली व्हय?"

त्यांनी जवळच्या भेगेत काठी सोडली. काठी निम्मी आत गेली. मी तिथेच खड्डा खणायला लावला. आठ फुटांवरही काळीच होती. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि वरच्या भिंतीला तडे देते. म्हणून तिकडे गाव पांढरीवर, म्हणजे न पिकणाऱ्या पांढरट जमिनीवर वसवतात आणि काळी पिकाला ठेवतात. हे मीही पुस्तकात वाचलं होतं.

"पाइल टाका," शेठ म्हणाले. "खोल खांब घ्या. इंजिनिअर कशाला असतेत?"

पाइलने काम झालं असतं. मी मान हलवणारच होते.

"खांबानं घर उभं राहील," मावशी म्हणाल्या. "पर पिकती जमीन गाडायची अन् वर तिफण मांडायची? मंग माझी अवजारं न्हाई मिळायची. उद्या भंगारवाल्याला बोलावते. वितळली तं वितळली."

"मावशी, तुम्ही कबूल केल्तं!"

"टेकडी कबूल केल्ती, शेठ. काळी न्हाई."

शेठ माझ्याकडे बघायला लागले. मी मावशींना विचारलं, "मग कुठे बांधू?" इतक्या दिवसांत हे मी त्यांना पहिल्यांदाच विचारत होते.

"औत जिथं थांबतं तिथं. चुना आना."

त्या पुढे चालल्या. मागे चुनेवाला, त्याच्यामागे खुंट्या घेऊन मी. काळी संपून मुरूम लागतो ती कड त्यांच्या पायांना पाठ होती. कड बाभळीला वळसा घालून गेली, एका घळीत शिरली, पुन्हा बाहेर आली. या वेळी मी रेघेवरच जागोजाग खड्डे घेतले. सगळीकडे दोन-तीन फुटांवर मुरूम लागला.

नवा प्लॅन म्हणजे तीच रेघ. एका खोलीएवढी रुंद, लांबलचक इमारत. पाठ टेकडीला, खिडक्या शेताकडे. भिंतींना टेकडीचाच दगड, छतावर मुरूम आणि गवत.

शेठनी ड्रॉइंग उलटंपालटं करून पाहिलं. "ह्याच्यात बिल्डिंग दिसतच न्हाई, मॅडम."

"बोर्ड मोठा करू."

"लय मोठा करा."

केला. तेवढा एक बोर्ड त्या टेकडीला आजही शोभत नाही.

जिथे बांधायचं, खड्डा तिथेच घ्यावा. आणि जमीन कसणाऱ्याला चुना टाकण्याआधी बोलवावं.

मागच्या महिन्यात जाऊन आले. भिंतींना तडा नाही. अवजारं सगळी आहेत. तिफण पहिल्या खिडकीपाशी आहे, खिडकीबाहेर काळी आहे, आणि काळीत मावशींची तूर आहे.