निळ्या बुचाची बाटली

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून माझ्या मामेभावाइतका जिद्दी माणूस झाला नसेल, आणि त्याची सगळी जिद्द टाळूवरच्या बशीएवढ्या जागेत खर्च झाली. गोष्ट नव्वदच्या दशकातली. दादा कोरेगावात घरचा ऊस बघायचा. तिशीला टेकलेला. एका मुलीकडून ‘केस फारच कमी आहेत’ असा निरोप आला आणि त्याने शपथच घेतली, टाळू झाकल्याशिवाय दुसरी मुलगी बघायला जायचं नाही. मामा, म्हणजे त्याचे वडील, फौजेतून हवालदार होऊन परतलेले. डोळे मिटायच्या आत सून घरात यावी, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

सांगलीच्या डॉक्टरांनी डोक्याला लावायचं औषध दिलं आणि धीर धरा म्हणाले. दादाचा डॉक्टरांवर विश्वास होता, कंपन्यांवर नव्हता. तेच औषध चार-पाच कंपन्या काढत, आणि उशीवर दोन केस जास्त दिसले की दादा कंपनी बदलायचा. दुकानदार बिचारा घसा कोरडा करायचा, “आवं, औषध त्येच हाय, नुसतं नाव येगळं.” दादा थेंब बोटांत चोळून बघायचा, “ह्यो माल पातळ हाय,” असा निकाल द्यायचा आणि पुढच्या एसटीने दुसरी कंपनी शोधायला सांगलीत आमच्या दारात हजर. एकदा तर त्याने डावीकडे एक कंपनी आणि उजवीकडे दुसरी लावली. मधला भांग हा बांध. सकाळी उन्हात बसून मामांपुढे मान वाकवायचा.

“आबा, कंचं रान बरं हाय?”

“दोनी पडीक हायती,” मामा चष्मा सारखा करत सांगायचे. “एकदा पेरल्यालं उगवंस्तवर थांब की रं गड्या.”

शेवटी त्याचा जीव निळ्या बुचाच्या एका बाटलीवर बसला. आता मरेपर्यंत हीच, म्हणाला. त्यावर मामांनी औषधखातं स्वतःकडे घेतलं. बाटली आणायची त्यांनी, फौजेच्या ट्रंकेत ठेवायची त्यांनी, आणि रोज दादाला पायाशी बसवून लावायचीही त्यांनीच. बंदूक धरलेली ती जाड बोटं टाळूवर इतकी हळू फिरायची की बघताना मला दादाचा हेवा वाटायचा. आणि खरोखरच लव आली! पुढे लव काळी झाली, दादा कोयनानगरला मुलगी बघून आला, सुपारी फुटली. मामा गावभर पेढे वाटत फिरले.

लग्नाची तारीख धरायच्या आधीच मामा गेले.

दहाव्याला नदीवर भावकीतले म्हातारे दादाला म्हणाले, “लगीन तोंडावर हाय. नुसती मिशी काढ, आमी काय म्हनत न्हाई.” दादाने कुणाचं ऐकलं नाही. सगळ्यांत आधी न्हाव्यापुढे जाऊन बसला. “समदं काढ,” म्हणाला. इतकी वर्षं जपलेलं पीक ओल्या वाळूत पडत होतं आणि तो तिकडे बघतही नव्हता.

पुढे त्याने निळ्या बुचाची बाटली मागितली तेव्हा मी दुकानात बरोबर होतो. दुकानदार म्हणाला, “ती कंपनी कवाच बंद झाली. हवालदार मिळंल ती न्यायचे आनि घरी जुन्या बाटलीत वतायचे. म्हनायचे, पोरगं आत्ता कुठं एका जागी टिकलंय, त्याला बोलू नगा.”

दादा आपल्या गुळगुळीत डोक्यावर हात ठेवून तिथेच रडला. मलाही आवरलं नाही.

वर्षाच्या आत लग्न उरकायचं म्हणून तो तसाच, आखूड केसांनी बोहल्यावर चढला. वहिनींनी काही म्हटल्याचं ऐकिवात नाही. दादा अजून औषध लावतो. दुकानात गेला की “कंची बी द्या” म्हणतो, नावसुद्धा वाचत नाही. आणि घरी आल्यावर ट्रंक उघडून आणलेलं औषध आधी निळ्या बुचाच्या बाटलीत ओतून घेतो.