पाहुण्यांचं हिरवं सरबत

घाटकोपरला थंडी म्हणजे काय, तर कपाटातल्या स्वेटरला डांबरगोळीचा वास. पण त्या डिसेंबरात आमच्या ह्यांना सेकंडहँड फियाट घेऊन सिमल्याला जायचं खूळ लागलं. तिकडे रेडिएटरमधलं पाणी गोठतं म्हणे, म्हणून दुबईच्या दिराकडून अँटिफ्रीझचा डबा मागवला. आत हिरवागार, गोडसर वासाचा द्रव, आणि डब्यावर कवटीचं चित्र.

रविवारी सकाळी ह्यांनी रेडिएटर धुतला, ते हिरवं पाण्यात कालवून आत ओतलं आणि उरलेलं घमेल्यात तसंच गाडीमागे ठेवून वर आले. मी म्हटलं, आधी ते आवरून या. जेवून आवरतो म्हणाले आणि जेवून आडवे झाले. आवरतायत कसले, कप्पाळ. आमची चार वर्षांची लेक तेवढ्यात भातुकली घेऊन खाली गेली होती.

संध्याकाळी मी तिला हाक मारून वर घेतलं, तेव्हा आवारातला कुत्रा झिंगल्यासारखा चालत होता. भिंतीला धडकायचा, पुन्हा नळाखाली जाऊन लपालपा पाणी प्यायचा. टाकून आलाय म्हणत सगळी बिल्डिंग हसली. मीही हसले.

सोमवारी सकाळी दूधवाला आला आणि गेला, पण कुत्रा भुंकला नाही. रोज त्या भुंकण्याला शिव्या घालणारी मी, गॅलरीत कान देऊन उभी राहिले. मला ती शांतता सहन होईना, म्हणून खाली उतरले. कुत्रा गाडीखाली ताठ होऊन पडला होता. त्याच्या तोंडापाशी लेकीच्या भातुकलीतली पितळी वाटी होती, चाटून लख्ख केलेली. काठाला हिरवा चिकट डाग होता.

मी धावत वर आले. एरवी माझ्याआधी उठणारी पोर अजून झोपलेली होती. तिचं तोंड हुंगलं, गदागदा हलवलं, तरी ती डोळे उघडेना. हे अनवाणीच रिक्षा आणायला पळाले. त्या क्षणी मला त्यांचा आणि त्यांच्या सिमल्याचा जीव घ्यावासा वाटला.

मग तिने एक डोळा किलकिला केला.

"तू ते हिरवं प्यायलीस?" मी विचारलं.

"सरबत? ते पाहुण्यांना दिलं. पाहुणे प्यायले आणि झोपले."

"आणि तू?"

"पाहुण्यांचं झाल्याशिवाय आपण तोंडाला लावायचं नाही, तूच म्हणतेस ना. मग तू हाक मारलीस. माझं झाकून ठेवलंय."

मी तिला इतकं आवळलं की ती कुरकुरली. रिक्षा येईपर्यंत तिला शेजारच्या काकूंकडे बसवून मी पुन्हा खाली गेले. मागच्या चाकाआड बाहुलीचा पाट मांडलेला होता. पाटापुढे बदामाचं पान, आणि पानाखाली दुसरी वाटी, काठोकाठ भरलेली. घाईने उचलताना निम्मं माझ्याच पायावर सांडलं.

वर काकूंच्या गॅलरीतून तिने हाक मारली.

"आई, पाहुणे उठले का? आता माझी पाळी ना?"