रिकाम्या खाटेचे पाच फोटो

सरकारी विमा योजनेत सत्याला फार किंमत आहे. ते फक्त खाटेवर झोपलेलं असावं लागतं आणि फोटोत खाटेचा नंबर दिसावा लागतो.

डिचोलीतल्या आमच्या छोट्या इस्पितळात योजनेचे कागद मी सांभाळतो. दाखल रुग्णाचा रोज एक फोटो अपलोड करायचा, असा नियम. शिरगावचा एक धोंड, म्हणजे जत्रेत निखाऱ्यांवरून चालणारा व्रती, टायफॉइडने पाच दिवस आमच्याकडे होता. व्रत चालू असल्यामुळे दहाजणांनी अंग टाकलेल्या खाटेला तो पाठ टेकेना. घरची चटई खाली घालून पडून राहिला. नंबर भिंतीवर, माणूस फरशीवर; दोघे एका फोटोत मावेनात. आमच्या सिस्टरनी नियमाला स्मरून नंबर निवडला. पाच दिवस रिकाम्या खाटेचे फोटो गेले.

काही महिन्यांनी पत्र आलं. रुग्ण दाखल नसताना बिल लावल्याबद्दल योजनेच्या यादीतून इस्पितळाला का वगळू नये, याचा खुलासा करा. यादीतून गेलो असतो तर पाळी-कारापूरसारख्या आसपासच्या गावांतल्या माणसांना साध्या तापासाठीही म्हापसा गाठावं लागलं असतं.

डॉक्टर हळूच म्हणाले, "नोंदवहीत आता एक ओळ घालूया? रुग्ण खाली झोपायचा म्हणून?"

"आता घातली तर आपण खरोखरच खोटे ठरू," मी म्हटलं आणि वही उघडली. सिस्टरनी रोज तारीख-वेळ टाकून, सही करून लिहिलं होतं: 'पेशंट चटईवर. सांगून ऐकत नाही.' पाचव्या दिवशी फक्त: 'तेच.'

ऑडिटर आले. वही त्यांनी दोनदा वाचली.

"हे ठीक आहे. पण फोटोत माणूस कुठे आहे?"

सिस्टरनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "ही सलाईनची बाटली. ही नळी खाली गेली. मग सलाईन कोणाला चाललंय साहेब, फरशीला?"

"फोटोच्या बाहेरचं आम्हाला धरता येत नाही."

"मग बाहेरच्यालाच विचारा," म्हणत त्यांनी धोंडाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"थंयच होतो सायबा, खाली," पलीकडून आवाज आला. "खाट बरी होती हां. पण व्रताक चलना. आणि सिस्टर रोज माझ्या अंगावरून उडी मारून फोटो काढायची, तिला सांगा जरा!"

ऑडिटर बराच वेळ लिहीत बसले. इस्पितळ यादीत राहिलं. नंबराची पाटी आम्ही भिंतीवरून काढून दोरीला बांधली. रुग्ण जिथे पडेल तिथे ती जाते.

बिलही मंजूर झालं, पाच दिवसांचं खाटेचं भाडं वजा करून. अहवालात शेवटी शेरा होता: 'खाट क्रमांक सात पाहिली. स्वच्छ आहे.'