दोन्या बासिलियाची यापा

नवरा निवडताना मी दोघातिघांना खेळवलं होतं. बटाटेवाली मात्र पहिल्याच दिवशी ठरली आणि अठ्ठावीस वर्षं बदलली नाही. दोन्या बासिलिया, म्हणजे बासिलियाबाई. रोद्रिगेस बाजारात मटणाच्या दुकानासमोर, निळ्या ताडपत्रीखाली ती जमिनीवर बसायची. एकावर एक दोन घेरदार पोलेरा घागरे, डोक्यावर तपकिरी गोल हॅट आणि पुढ्यात बटाट्यांचे सात ढीग. मी तिला कासेरा म्हणायचे, ती मला कासेरा म्हणायची. आमच्या ला पासमध्ये विकणारी आणि घेणारी, दोघी एकमेकींच्या कासेरा. एकदा ठरलं की ठरलं. शेजारच्या ढिगाकडे नुसती नजर गेली तरी कासेरा आठवडाभर तोंड फुगवून बसते.

आणि यापा! माल तोलून झाला की वर घालतात ती यापा. बाकीच्या बायकांना ती लाडीगोडी लावून मागावी लागते. मला बासिलियाकडे कधी तोंड उघडावं लागलं नाही. पिशवीला गाठ मारायच्या आत दोन बटाटे वर पडायचेच. मुलगा झाला तेव्हा चार पडले. माझी आई गेली त्या आठवड्यात तिने किती घातले देव जाणे, घरी येऊन पिशवी उपडी केली आणि मी ढसाढसा रडले.

तर अशी आमची सोयरीक. आणि त्यात मुलाने आम्हाला उचलून खाली इर्पावीला आणलं.

त्याचंही बरोबर होतं. वरच्या चढाच्या गल्ल्यांमध्ये रोमुलोच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, गुडघ्यांचा भुगा झाला होता. इथे खाली रस्ते सपाट, हवा उबदार, घरांपुढे झाडं. पण खायचं काय? सुपरमार्केटात गेले तर बटाटे आंघोळ घालून जाळीच्या पिशवीत बसवलेले. उकडून रोमुलोपुढे ठेवले. त्याने एक घास घेतला आणि म्हणाला, "झुल्मा, हा साबण आहे का?"

बाहेर जेवायला गेलो तर तऱ्हाच. मोठ्या रस्त्यावर एक खानावळ, दारात फुलांच्या कुंड्या, टेबलावर कापडी रुमाल. सूप आलं ते एवढ्याशा वाटीत, चमचा आत मावेना. ठेचा मागितला तर पोऱ्याने बाटलीतला लाल रस आणून ठेवला. मी म्हटलं, "बाबा, लोकोतो मिरची तुमच्याकडे पाट्यावर वाटत नाहीत का?" तर माझ्याकडे असा बघतो जणू मी त्याच्याकडे लामा मागितला. दुसरीकडे दुपारी दीड वाजता सालतेन्या, म्हणजे सकाळी खायच्या त्या रसाळ खिम्याच्या करंज्या, विकत होते. सालतेन्या! दीड वाजता! अकरानंतर ज्याच्याकडे ती उरते त्याने ती मुकाट्याने कुत्र्याला घालावी, गिऱ्हाइकाला नाही.

मग मी काय केलं? दर गुरुवारी हिरव्या केबलकारमधून पिवळीत, पिवळीतून उतरून पायी बासिलियाकडे. येताना खांद्यावर बटाटे. मुलगा म्हणायचा, "आई, इथेच कोणीतरी बघ ना." बघायला हवं होतं हे मलाही कळत होतं, माझी कंबर रोज सांगत होती. पण इथे कोणी ठरली तर तिथली काय म्हणेल? तिला दुखवून मला एक घास गोड लागला नसता.

मग रोमुलोच्या छातीत कफ झाला आणि तीन आठवडे मला घर सोडून लांब जाता आलं नाही. आमच्या मागच्या रस्त्यावर शनिवारी बाजार भरतो. तिथे चोरासारखी जाऊन कधी हिच्याकडून, कधी तिच्याकडून घेतलं. चौथ्या गुरुवारी वर गेले.

"कुठे होतीस?" बासिलियाने विचारलं.

"रोमुलोची छाती भरली होती."

"बरा आहे?"

"बरा आहे आता."

"मग काय देऊ?"

आणि मी, अक्कलशून्य बाई, म्हणाले, "आज फक्त चुन्यो दे, एक पौंड." चुन्यो म्हणजे गोठवून वाळवलेले काळे बटाटे. ताजे बटाटे घरात शिल्लक होते, म्हणून तोंडातून निघून गेलं.

तिने तागडी खाली ठेवली. "आणि बटाटे?"

"आहेत थोडे."

"चार आठवड्यांपूर्वीचे? रोमुलोने उपास धरलाय का?"

शेजारची अंडीवाली फिसकन हसली. बासिलिया हसली नाही. तिने चुन्यो तोलले, गाठ मारली आणि पिशवी माझ्या हातात दिली. वर काही पडलं नाही. मी तशीच उभी राहिले.

"अजून काही हवंय का तुम्हाला, सेन्योरा?"

सेन्योरा! तुम्हाला! रस्त्याने जाणाऱ्या परक्या बाईला म्हणावं तसं. माझ्या कानाखाली मारली असती तर बरं वाटलं असतं. केबलकारमध्ये मी इतकी रडले की समोरच्या कोटवाल्या गृहस्थाने मला आपला रुमाल दिला. घरी आल्यावर रोमुलो म्हणाला, "एका बटाटेवालीसाठी?" मी म्हटलं, "तुझ्या बहिणीने तीन वर्षं अबोला धरला तेव्हा माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. त्यावरून काय ते समज." तो समजला.

पुढच्या गुरुवारी मी गेले नाही. अठ्ठावीस वर्षांत मी कधी चिमूटभर यापा मागितली नव्हती, आता काय पदर पसरू? गेली उडत, म्हटलं. म्हटलं खरं, पण दिवसभर घरात भांडी आपटत होते.

शनिवारी सकाळी दारावर थाप. उघडते तर बासिलिया, मी कधीतरी सांगितलेला पत्ता शोधत आलेली! सणाची हिरवी शाल, नवी हॅट, एक हात कमरेवर, दुसरा दाराच्या चौकटीवर, आणि तोंड पांढरंफटक.

"त्या दोरीला लटकत आले," ती म्हणाली. "डोळे मिटून. वाटेत सगळ्या संतांना हाका मारल्या. संत संपले तेव्हा दोन-तीन नवीन बनवले. पाणी दे."

पाणी पिऊन झालं. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "कोण आहे ती? दाखव."

"कोण?"

"जिच्याकडून घेतेस ती."

"तशी कोणी ठरलेली नाही गं. असंच आपलं, कधी हिच्याकडे, कधी तिच्याकडे..."

"तीन आठवडे दारोदार तोंड मारत फिरलीस आणि ठरली कोणीच नाही? या वयात शोभतं का तुला हे?" ती उठली. "चल."

सासूने सून बघायला निघावं तशी ती बाजारात शिरली. पहिलीच्या ढिगापाशी वाकून एक बटाटा नाकाला लावला. "पाणी मारतेस वजनाला?" त्या बाईने आईबाप काढायच्या आत आम्ही पुढे. दुसरीचे बटाटे चांगले होते, पण गिऱ्हाइकाशी बोलताना तिचे डोळे फोनमध्ये. "ही तुझा नवरा मेला तरी विचारायची नाही," बासिलिया म्हणाली आणि मला दंडाला धरून ओढलं.

तिसरी योला. असेल तिशीची. लहान ढीग, पण हाताने निवडून लावलेले. बासिलियाने एक इमिल्या उचलला, आमचा तो काळपट सालीचा, पिठूळ बटाटा. नखाने साल खरवडली, अंगठ्याने दाबला, पुन्हा ठेवला, दुसरा उचलला. मग काहीही न घेता हात पुढे केला. "यापा?"

योलाने मान वर केली. "आजी, आधी घ्या, मग मागा. फुकट यापा माझी सासूसुद्धा मागत नाही."

आता भांडण होणार म्हणून मी बासिलियाचा दंड धरला. बासिलिया मात्र खुदकन हसली आणि मला म्हणाली, "हिला जीभ आहे. हिला विचारू." आणि योलाकडे वळून, "मला सांग पोरी, संध्याकाळी उरलेले सुरकुतलेले बटाटे कोण उचलतं?"

योलाने इकडे तिकडे पाहिलं. "तुम्ही कोणाला सांगणार नाही ना? मोठ्या रस्त्यावरची खानावळ. ती दारात कुंड्यांवाली."

मी कपाळावर हात मारला.

"आणि सकाळी येऊन एकेक निवडून कोण नेतं?"

"बस थांब्याच्या मागची खानावळवाली म्हातारी. दर वेळी भांडते, पण निवडूनच नेते."

"आज तिकडे जेवायचं," बासिलिया म्हणाली. "खानावळ जेवून शोधत नाहीत गं वेडे, बटाटेवालीला विचारून शोधतात. अठ्ठावीस वर्षांत माझ्याकडून एवढंही शिकली नाहीस?"

बस थांब्याच्या मागे पाटी नव्हती, चार टेबलं होती आणि चारही ड्रायव्हरांनी भरलेली. एकाने ताट उचलून आम्हाला जागा करून दिली. आतून पाट्यावर दगड फिरल्याचा आवाज येत होता. बासिलियाने ठेचा बोटावर घेऊन चाटला, डोळे मिटले, आणि मान हलवली. मग आलं शेंगदाण्याचं सूप, काठोकाठ, वर तळलेल्या बटाट्यांच्या काड्या. आईशप्पथ सांगते, घर बदलल्यापासून पहिल्यांदा माझ्या पोटाला कळलं की आपण जेवतोय.

अर्धं सूप झाल्यावर ती म्हणाली, "मी बसणं बंद करतेय."

"कुठे बसणं?"

"बाजारात. चाळीस वर्षं त्या गार फरशीवर. खुबा गेलाय माझा. मुलगी म्हणते वर एल आल्तोला माझ्याकडे ये, बास झालं. बाकीच्या सगळ्या कासेरांना शेजारणीच्या हवाली केलं. तू तेवढी राहिली होतीस. लांबची."

माझा चमचा हातातच राहिला. "मग त्या दिवशी मला यापा का नाही घातलीस?"

ती सूप ढवळत राहिली. "म्हटलं, रागावून गेलीस तर बरं. मग निरोप घ्यायला नको. पुढे कधी आलीस आणि जागा रिकामी दिसली तर म्हणशील, गेली खडूस म्हातारी. पण ते दोन बटाटे माझ्याच हातात राहिले ना. घरी नेऊन उकडले. घशाखाली उतरेनात."

मी तिथेच, ड्रायव्हरांच्या देखत, हुंदके द्यायला लागले. तिचेही डोळे भरले होते, पण ती म्हणाली, "त्या ताटलीत रडू नकोस, सूप पातळ होईल."

परत येताना ती मला योलासमोर घेऊन उभी राहिली. "ही झुल्मा. हिला इमिल्याच लागतात, मध्यम. नवऱ्याला चुन्यो, भेगा पडलेले नकोत. फसवलंस तर हिला कळेल, पण तोंडावर बोलणार नाही, घरी जाऊन नवऱ्यावर काढेल. आणि हिला यापा मागायला लावायची नाही, कळलं?"

योला उठून उभी राहिली होती. "कळलं, आजी."

मी चार पौंड घेतले. दोन बटाटे वर पडले. बासिलियाने माझी पिशवी हातात घेऊन तोलून पाहिली, परत दिली, आणि माझ्याकडे न बघता केबलकारच्या दिशेने लंगडत निघाली. ठेसनापर्यंत मी तिचा हात सोडला नाही.

यालाही आता आठ महिने झाले. गेल्या गुरुवारी मी एल आल्तोला गेले. बासिलिया अंगणात उन्हाला बसली होती, पायांवर घोंगडी. आता तिला बाजारात कोणी नेत नाही, मुलगी आणेल ते खाते आणि कुरकुरते. मी योलाकडचे इमिल्या नेले होते. तिने पुढ्यातला एप्रन दोन्ही हातांनी पसरला, मी पिशवी त्यात ओतली. एकेक बटाटा उचलून तिने दाबून पाहिला, मग एप्रन वरखाली करून तोललं.

"चार पौंड," ती म्हणाली. "बरोबर आहे."

पण एप्रन काही मिटला नाही. तसाच पसरून धरून ती माझ्याकडे बघत राहिली.

मी कोटाच्या खिशात हात घातला. योलाने वर घातलेले दोन बटाटे मी मुद्दाम वेगळे ठेवले होते, दोन्ही केबिनमध्ये हाताने चाचपत आणले होते. ते एप्रनमध्ये टाकले.

"दोनच?" ती म्हणाली. "त्या पोरीला सांग, माझे पाय अजून धड आहेत. येईन एक दिवस खाली."

घोंगडीखालचे पाय तिने काही हलवले नाहीत.

"सांगते, कासेरा," मी म्हटलं.