एकाच लोहाराचे दोन कोयते

माझ्याकडे दोन कोयते होते. दोन्ही इतवारीतल्या एकाच लोहारानं जुन्या लॉरीच्या कमानपाट्यांतून घडवलेले. एक माझा, कॅम्पातला: लांब, जड, टोकाशी वाकलेला. मी जंगल खात्यात मोजणीदार होतो आणि वर्षातले आठ महिने चांद्याच्या रानात तंबूत जायचे. वाट काढणं, खुंट्या तासणं, सरपण फोडणं, सगळं त्याच्यावर. दुसरा बायकोचा, स्वयंपाकघरातला: आखूड, रुंद पात्याचा, मुठीला चिंध्या गुंडाळलेला. रोजच्या भाजीला पावशी, म्हणजे विळी, होती, पण सुरण, फणस, कोहळं म्हटलं की तिला तोच लागायचा.

कोहळ्यावर पहिला घाव बाईनं घालायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. त्यामुळे मी घरी आलो की कोहळं माझ्यापुढे यायचं. मी तिचा कोयता उचलायचो, घाव घालायचो आणि पातं हमखास उजवीकडे सरकायचं. ती तोंडाला पदर लावून हसायची.

"जंगलातले साग आडवे करता, अन् घरचं कोहळं तुमचं आयकून नाही राहिलं?"

मी चिडायचो. पण नाचता येईना अंगण वाकडं, असं ऐकून घ्यावं लागेल म्हणून कोयत्याला कधी नाव ठेवलं नाही.

ती गेली त्या हिवाळ्यात मी घराला कुलूप लावायचं ठरवलं. मूलबाळ नव्हतं. एकट्यासाठी चूल पेटवायला बसलो की घर खायला उठायचं; कॅम्पात निदान माणसांचे आवाज तरी होते. बैलगाडीत सामान मोजकंच घ्यायचं, कोयता एकच. तिचाच न्यावा असं फार वाटत होतं. तिच्या हातातलं तेवढंच माझ्या हातात राहिलं असतं. पण तो माझ्याकडून नीट चालत नव्हता. अंगणात बाभळीची एक फांदी घेऊन दोन्ही चालवून पाहिले. माझा सरळ उतरला, तिचा पुन्हा उजवीकडे गेला.

दोन्ही घेऊन लोहाराकडे गेलो. तिचा त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, "याचं पातं वाकडं आहे, सरळ करून दे." म्हाताऱ्यानं तो उलटसुलट करून पाहिला, नखावर धार पाहिली आणि मग माझ्याकडेच बघत राहिला.

"वाकडं नाही बाबूजी. तुमच्याले धार उजव्या अंगानं हाय, याले डाव्या अंगानं. डाव्या हाताचा कोयता हाय हा. बाईनं सांगून करून घेतला होता."

"कोणी? माझ्या बायकोनं?"

"त्यायनंच. म्हणे, भाऊ, घरी कोणाले सांगू नको. तुमाले माहीत नव्हतं काय?"

माहीत नव्हतं, असं तरी कोणत्या तोंडानं म्हणू? लग्नाच्या पहिल्याच वर्षी पंगतीत तिनं डाव्या हातानं वाढलं, तेव्हा सगळ्यांदेखत मी तिच्यावर खेकसलो होतो. तेव्हापासून ती माझ्यासमोर सगळं उजव्या हातानं करायची. मी बायकोची खोड मोडली, हे मित्रांना फुशारकीनं सांगत फिरलो होतो. खोड कसली मोडली! मी नसलो की तिचा हात तिचा व्हायचा, एवढंच.

"पलटवून देऊ काय धार?" लोहार म्हणाला. "थोडंसंच काम हाय. मंग तुमच्या हातात सरळ चालन."

"नको," मी म्हणालो. "राहू दे तसाच."

रानात एकटा पडतो म्हणून मी अकरा वर्षं स्वतःचीच कीव करत आलो होतो. माझ्या घरात ती माझ्याहून एकटी होती. कधी मी न कळवता घरी आलो की ती स्वयंपाकघरात दचकून उठायची, हातातलं खाली टाकायची, घाईनं पदर सावरायची. मला पाहून तिला केवढा आनंद होतो, असं मी समजत होतो.