सावलीतलं पाणी

"कोणी ओतली? माझी बादली कोणी ओतली?"

टॉवेल गुंडाळलेला जयवंत बाथरूमच्या दारातून असा बोंबलत होता की दुबईतल्या अल क्वोजच्या निम्म्या गोदामांचे वॉचमन दचकले असतील. जुलैत आमच्या कामगारांच्या कॅम्पात नळाला पाणी येत नाही, चहा येतो. फक्त पत्ती टाकायची बाकी. गच्चीवरच्या टाक्या उन्हात उकळतात, म्हणून जो तो बादली आधी भरून एसीच्या खोलीत निववत ठेवतो. आणि तीच ओतणारा दरोडेखोर खाटेवर मांडी घालून शांतपणे पाव खात होता.

"एका रात्रीत डास होतो का, मामा?"

"रात्रीत नाही होत. पण ही बादली गेल्या शनिवारची आहे. तू आंघोळ कधी करतोस ते माहीत आहे मला."

आमच्या खोलीतल्या या गुहागरच्या मामांइतका पाण्याचा वैरी त्रिभुवनात झाला नसेल. वाळवंटात माणसं पाणी शोधतात ती पिण्यासाठी. मामा शोधायचे ते ओतण्यासाठी. टायरच्या गोदामात स्टोअरकीपर होते. पाऊस चार थेंब पडला तरी मामा बॅटरी घेऊन टायरांच्या पोटात डोकं घालून बसत. एकदा तर खांद्यापर्यंत आत गेले आणि आम्हाला त्यांना पाय धरून ओढावं लागलं. एसीखाली ठेवलेले डबे, फ्रीजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, काही म्हणून सुटत नसे. शेजारच्या पठाण ड्रायव्हरने कबुतरांसाठी भांडं ठेवलं होतं, तेही यांनी उपडं केलं. पठाण सहा फूट, मामा टोपीसकट पाच. "चाचा, ये सवाब का पानी है!" पुण्याचं पाणी ओतलं म्हणून तो गरजला. "तो रोज नया सवाब भरो," मामा म्हणाले. तेव्हापासून पठाण रोज भांडं घासून भरू लागला आणि ती कबुतरं इतकी माजली की उडायची सोडून चालत फिरायला लागली.

उन्हातल्या पाण्याला मात्र मामा हात लावत नसत. "उन्हात अळी उकडून मरते. हरामी पाणी सावलीतलं. गार, निवांत, त्यात एखादं पान कुजलेलं. मेल्यांना आपल्यासारखीच एसीची खोली लागते."

हे वेड कशातून आलं ते आम्हाला ठाऊक होतं. मामी डेंग्यूने गेल्या. घरामागे फणसाखाली पाण्याचं पिंप होतं, त्याचं झाकण फुटलेलं. नवं आणायचं दर सुट्टीत राहून जायचं. मामा विमानाने पोचले तोवर सगळं खलास झालं होतं.

त्यांच्या उशाशी, कपाटाच्या आडोशाला, लोणच्याची एक बरणी असे. मामींनी शेवटच्या सुट्टीत घरच्या विहिरीचं पाणी भरून त्यात आपल्या मोगऱ्याची फांदी लावून दिलेली. तिला मुळं फुटली होती, फूल कधी आलं नाही. पाणी आटलं की मामा वरून घोटभर घालत. जुनं कधीच काढत नसत. मामी गेल्यावर भावांनी विहीर बुजवली, मोगराही गेला. राहिली ती बरणी. तिला हात लावायची आमच्यात कोणाची छाती नव्हती.

ऑगस्टात जयवंत तापाने फणफणला. अंगावर लाल पुरळ, डोळ्यांमागे ठणका. हॉस्पिटलात डेंग्यू निघाला. मामा तिथे बाकड्यावर बसून राहिले. जेवा म्हटलं तर डबा परत सरकवत. एवढा बडबड्या माणूस, पण खोलीवर परतल्यावरही भिंतीकडे तोंड करून पडला.

दुसऱ्या दिवशी फवारणीवाला मल्याळी इन्स्पेक्टर आला. बादल्या कोरड्या, ट्रे कोरडा, बाहेरचे डबे उपडे. "बहुत अच्छा रूम," तो म्हणाला. मग त्याने कपाटामागे बॅटरी मारली. बरणीतल्या मुळांमध्ये बारीक बारीक अळ्या नाचत होत्या.

"ये किसका है?"

मामा उठले, बरणीजवळ गेले, वाकून आत डोकावले. मग फांदी अलगद काढून टॉवेलवर ठेवली आणि बरणी माझ्या हातात दिली.

"मामा," मी म्हणालो, "विहिरीचं आहे ते. मामींनी भरलेलं."

"पाणीच आहे," मामा म्हणाले. "ओत."