पाच माणसांत बंद केलेली पॉलिसी

"बंद म्हंजी बंद! आत्ताच्या आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत!"

तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बारामतीच्या विमा कचेरीत टेबलावर अशी थाप मारली की साहेबाच्या कपातला चहा उडून परत कपातच पडला. उजवा हात टेबलावर आणि डावा धोतरावरून कमरेखाली घट्ट दाबलेला. त्या डाव्या हाताखाली तात्यांचा हर्निया होता. ओरडलं की तो बाहेर यायचा, म्हणून तात्या आधी तो दाबायचे आणि मग ओरडायचे. माणूस शिस्तीचा!

साहेब काकुळतीला आला होता. "आजोबा, अहो, तुमची पॉलिसी चांगली चालू आहे. मुदत बाकी आहे. हिच्यातच तुमचं ऑपरेशन होऊन जाईल. मग करा की बंद."

"न्हाय! मी शब्द दिलाय!"

हा शब्द कुठं दिला, ते सांगायला हवं. नव्वदनंतरची गोष्ट. तेव्हा आमच्या वडगावात विमा म्हणजे माणूस गेल्यावर मिळायची गोष्ट. जिवंत माणसाचं दवाखान्याचं बिल देणाराही विमा असतो, असं मी पारावर सांगितलं तेव्हा चार जण मलाच दवाखान्यात न्यायला उठले होते. मी लोणी देवकरच्या एका कारखान्यात कामाला होतो. तिथं कानावर आलं म्हणून तात्यांच्या नावानं बारामतीत पॉलिसी काढली आणि दरवर्षी न चुकता चालू ठेवली. पुढं तात्यांना हर्निया झाला. डॉक्टर म्हणाले, लवकर कापून घ्या, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. तात्या म्हणाले, "इम्यानं केलं तर करीन. एवढी वर्सं भरतोय, ते काय देवाला?" उसाचा हंगाम उरकला की ऑपरेशन, असं ठरलंही.

तेवढ्यात माझं लग्न ठरलं. मुलगी इंदापूरची. साखरपुड्याला जाजमावर दोन्हीकडची माणसं बसलेली. कुणीतरी सहज विचारलं, मुलीचा भाऊ काय करतो? भाऊ नुकताच विम्याचा एजंट झाला होता. त्यानं लाजत लाजत तसं सांगितलं. बस्स! तात्यांनी फेटा सावरला आणि उभे राहिले.

"पाच माणसांत सांगतो! आजपास्नं आमच्या घरचा इमा ह्या पाव्हण्याकडं! बारामतीचा जुना बंद!"

टाळ्या अशा पडल्या की उजनीच्या धरणावरचे बगळे उठले असतील. व्याह्यांनी उठून तात्यांना मिठी मारली. आता आमच्याकडं सोयरीक जुळवताना जाजमावर बोललेला शब्द स्टँपपेपरापेक्षा जड. हुंडा, मानपान, सगळं तोंडीच ठरतं आणि कुणी मागं घेत नाही. पण त्या जाजमावर आजारपणाची पॉलिसी आणणारे तात्याच पहिले, आणि देव करो, शेवटचे.

लग्न झालं, मेहुण्यानं नवी पॉलिसी करून दिली. इंदापूरहून परतताना एसटीत मी ती वाचली. पहिल्या वर्षी मोतीबिंदू नाही, मूळव्याध नाही, हर्निया नाही. आधीपासून असलेलं दुखणं तर नाहीच नाही. म्हणजे माणसाला जे जे होतं ते सगळं वगळून जे उरतं त्याचा विमा. वाघानं खाल्लं असतं तर बहुतेक मिळाला असता.

घरी येऊन मी तात्यांना समजावलं. "तात्या, नवी राहू द्या. पण जुनीबी चालू ठेवा. जुनीवर ऑपरेशन करू आणि मग बंद करू."

"आन् पाव्हण्यांना काय वाटंल? आपल्यावर भरवसा न्हाय म्हणून म्हाताऱ्यानं जुनी जपून ठिवली?"

"त्यांना कोण सांगायला जातंय?"

"मी सांगनार की! बंद केल्याचा कागद नेऊन दावनार हाय."

नुसता हप्ता भरायचा थांबवला असता तरी पॉलिसी मुदत संपल्यावर आपोआप मेली असती. पण तात्यांना ती आपोआप मरायला नको होती. तिचा वाजतगाजत बळी हवा होता.

मग सुरू झाल्या बारामतीच्या वाऱ्या. पहिल्या खेपेला साहेब म्हणाला, लेखी अर्ज लागेल. दुसऱ्या खेपेला म्हणाला, मूळ पॉलिसी कुठाय? पुढच्या खेपेला साहेबच रजेवर. जन्मभर कचेऱ्यांच्या दिरंगाईला शिव्या घातलेला मी, पण ह्या कचेरीवर माझा जीव जडला. एकदा तात्यांची नजर चुकवून साहेबाला गाठलं आणि हात जोडले. "साहेब, हंगाम संपेपर्यंत कसंही करून लांबवा."

साहेब म्हणाला, "अहो, मी आणखी काय करतोय?"

असा कचेरीवाला मी पुन्हा पाहिला नाही. पण तात्यांपुढं सरकारचंही चालेना. त्या दिवशी ते पांढराशुभ्र फेटा बांधून, लग्नाला निघाल्यासारखे आले, टेबलावर थाप मारली आणि नंतर सरळ दारात बैठक मारली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागले, "बघा, ह्ये साहेब माझा शब्द मोडाय लावत्यात!" बघता बघता अर्धी बारामती दारात जमली. एक बाई तर साहेबालाच बोलली, "म्हाताऱ्या मान्साला कशाला छळताय वो?"

साहेबानं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. शिक्का पडला.

तात्यांनी कागद कपाळाला लावला. मी म्हणालो, "तात्या, आता ऑपरेशनचं काय?"

"आधी पेढं घी."

पेढे घेतले. एसटीनं थेट इंदापूर. गाडी खड्ड्यातून उसळली की तात्यांचा डावा हात खाली जायचा, तोंड वाकडं व्हायचं आणि लगेच उजवा हात खिशातला कागद चाचपायचा. शेजारी मी दात आवळून बसलो होतो. असे आवळले होते की एक दाढ त्याच वर्षी गेली, ती मी ह्याच हिशेबात धरतो.

सासुरवाडीला पोचल्यावर तात्यांनी तो कागद सगळ्यांच्या मधोमध ठेवला. "बगा पाव्हणं! शब्द म्हंजी शब्द!" व्याह्यांचे डोळे भरून आले. पेढे वाटले गेले. डाव्या हातानं हर्निया दाबून तात्या हसत होते आणि मला ते हसणं बघवेना. मी मेहुण्याला दंडाला धरून गोठ्यामागं नेलं. माझा आवाज चढला तशा म्हशी दावं ताणून मागं सरल्या.

"माझ्या बापाचं आतडं टांगणीला लागलंय तुझ्या एका पॉलिसीपायी! म्हाताऱ्याला जुनी बंद करायला लावताना, पहिल्या वर्षी हर्निया न्हाय, एवढं सांगायला तोंड शिवलं होतं का तुझं?"

त्यानं तोंडातला पेढा गिळला. हात विजारीला पुसले.

"दाजी," तो म्हणाला, "जुनी बंद करा असं मी कवाच म्हणालो न्हवतो."